या पेपरात काय होऊ नये

६ जानेवारी, मंगळवार

नव्या सत्राचा पहिला तास. ‘अल्पसंख्याक आणि प्रसारमाध्यमे’. माझा पेपर. म्हणजे होता. यंदा अर्धा माझा, अर्धा तबस्सुम बागवानचा. आठवड्याला दोन तास मी, दोन तास ती. वर्तमानपत्रात दहाएक वर्षं काढून जूनपासून आमच्याकडे तासिका तत्त्वावर आली आहे. विभागप्रमुख विभूते सर म्हणाले, पहिल्या तासाला दोघी जा, मुलांना बरं वाटेल.

नेहमीप्रमाणे विचारलं, या पेपरकडून अपेक्षा काय. दर वर्षी विचारते, फळ्यावर लिहिते, फोटो काढून ठेवते. शेवटच्या तासाला तोच फोटो पडद्यावर लावायचा आणि काय पुरं झालं ते तपासायचं. माझी पद्धत. उत्तरंही नेहमीचीच. नोट्स मिळाव्यात. पेपर सोपा निघावा. कुठंतरी बाहेर न्यावं. सांगोल्याकडचा बिरू म्हणाला, लई इंग्लिश नको. मागच्या बाकावरची सानिया म्हणाली, नोट्स.

मग तबस्सुम (इथून पुढे नुसतं त.) म्हणाली, मी एक विचारू? आणि मुलांकडे वळून, “या पेपरात काय होऊ नये असं वाटतं तुम्हाला?”

 मग सुटलेच. बिरू उभा राहिला. “आमा धनगरांचा फटू ढोलाबिगर कदी छापून आला न्हाय. माजा भाऊ तलाठी हाय, त्येचा कुटं आलाय? हितं तरी ढोल नको.” सगळे हसले, तोही हसला. श्रावणी गड्डम म्हणाली, माग बंद पडले की आमच्या घरी कॅमेरा येतो, चालू असताना कुणी येत नाही. आणि सानिया, तीच सानिया, बसल्या जागेवरून, “मुस्लिम हा शब्द आला की सगळे वळून माझ्याकडे बघतात. तसं होऊ नये.”

तेव्हाही दोघातिघांनी वळून बघितलंच.

खडू माझ्या हातात होता. मीच लिहिलं: वळून बघू नये.

साधा प्रश्न. इतक्या वर्षांत मला का सुचला नाही? मला नोट्स सांगितल्या आणि तिला हे. घरी येईपर्यंत मनात एकच. तिला सांगितलं, कारण ती त्यांच्यातली. असं मनात आलं. आलं म्हणून लिहून ठेवते.

९ जानेवारी, शुक्रवार

स्टाफरूमची भिंत पातळ. पलीकडे तिचा तास. रद्दीचा गठ्ठा आणि कात्र्या घेऊन गेली होती. महिन्याभराच्या पेपरांतून मुस्लिम नावं कापून काढा आणि ज्या पानावर सापडली त्या पानानुसार ढीग लावा. एक ढीग गुन्ह्याच्या पानाचा, एक सणाच्या पुरवणीचा. बाकीच्या पानांचा ढीग म्हणे मुठीत मावला. हे मला नंतर श्रावणीने सांगितलं, डोळे चमकत होते तिचे. “मॅडम, इतकं भारी वाटलं ना. आपल्याच घरात रोज येतो तो पेपर.”

भिंतीतून हसण्याचा आवाज येत होता तेव्हा मी राज्यघटनेतल्या तरतुदींची टिपणं काढत होते. तीही लागतातच. कुणीतरी ती शिकवायला हवीत.

हे वाक्य कुणाला ऐकवण्यासाठी लिहिलं?

१४ जानेवारी, बुधवार

गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी. आई माढ्याहून आली आहे, मोतीबिंदूचं झालं, डोळ्यावर काळा चष्मा. तरी म्हणाली, गड्डा बघायचाच. नवरा, संजय, ड्युटीवर, म्हणून मीच घेऊन गेले. धूळ, भोंगे, भज्यांचा वास. पाळण्यांच्या बाजूला आमचीच मुलं दिसली, मध्ये त. हातात भज्यांचा कागद, सगळे त्यातूनच खात होते. बिरू तिला काहीतरी नक्कल करून दाखवत होता. माझी असावी असं क्षणभर वाटलं. नसेलही.

श्रावणीने हात केला. “मॅडम, या की.”

मी म्हणाले, आई दमली आहे.

आई दमली नव्हती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, “म्या कुटं म्हनले दमले म्हनून? कोन व्हती ती निळ्या वडनीची?”

सांगितलं, आमच्याकडे नवीन आहे.

“मग भज्या खायला काय झालं व्हतं तुला?”

२१ जानेवारी, बुधवार

आजची फजिती. मागच्या तासाला मुलं जांभया देत होती, म्हणून ठरवलं, आपणही काही करून घ्यायचं. दूरचित्रवाणीच्या बातम्यांचे तुकडे घेऊन गेले. म्हटलं, यात कोणती माणसं कोणत्या प्रसंगी दिसतात ते पाहा आणि तीन गट करा.

बिरू मान खाली घालून पुटपुटला, “हे झालंय की.” शेजारच्याने त्याला कोपर मारलं. मग सगळ्यांनी अगदी मन लावून गट केले. मला वाईट वाटू नये म्हणून. शहाणी मुलं आहेत. तेच जास्त लागलं.

तास सुटल्यावर त. दारात भेटली. म्हणाली, “मॅडम, तुमची घटनेची टिपणं मला मिळतील का? मुलं विचारतात, मला नीट सांगता येत नाही.”

देते म्हणाले. दिली नाहीत. घरी राहिली असं सांगितलं. पिशवीतच होती.

२७ जानेवारी, मंगळवार

विभूते सरांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच समजलं की काहीतरी नको असलेलं सांगणार. पुढच्या वर्षापासून तो पेपर पूर्ण बागवान मॅडमकडे द्यायचा विचार आहे. पुढच्या महिन्यात विभागाच्या बैठकीत कामाची वाटणी होईल, तेव्हा तुम्हीच मांडलंत तर छान दिसेल. मुलांची तशी अपेक्षा आहे. “आणि नॅचरली, तो विषय त्यांनाच शोभतो.”

मी म्हणाले, हो सर, चांगलंच आहे.

शोभतो. दागिना आहे का?

हा पेपर अभ्यासक्रमात यावा म्हणून मी किती जणांच्या दारात उभी राहिले हे सरांना माहीत आहे. तेव्हा लोक म्हणायचे, माने मॅडम, तुम्हाला कशाला हवाय हा विषय, तुमचा काय संबंध. मी सांगायचे, संबंध नाही म्हणूनच. पहिल्या वर्षी तीन मुलं होती. तिघांनाही मी पूर्ण तास उभी राहून शिकवलं.

संजय म्हणाला, एक पेपर कमी झाला तर बरंच की, तपासायच्या उत्तरपत्रिका कमी. त्याचं बरोबर आहे. झोप आली नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

मला तिचा हेवा वाटतो. वाटतो तर वाटतो. पण कशाचा, ते तरी नीट लिहावं.

तिच्या प्रश्नाचा. मुलं तिच्याशी हसतात त्याचा. दहा वर्षं बातमीदारी केली त्याचा. मी बातमीदारी शिकवते, पण केली फक्त दोन वर्षं, लग्नाआधी. इथपर्यंत ठीक.

पुढचं लिहायला जड जातं. मला तिच्या नावाचा हेवा वाटतो. मी वाचून सांगते ते ती नुसती उभी राहिली तरी मुलांना पटतं. म्हणजे मला काय हवंय? तिच्या जागी असायला? विजापूर रोडला घर बघायला गेली होती तेव्हा मालकाने आडनाव ऐकून घर आत्ताच दिलं म्हणून सांगितलं, आणि पुढचे दोन महिने त्याच दारावर भाड्याने देण्याची पाटी. हे तिने स्टाफरूममध्ये हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा मी काय केलं? मनात टिपून घेतलं. तासाला चांगलं उदाहरण होईल म्हणून. आणि पुढच्या क्षणी वाटलं, हे उदाहरण तिच्याच तोंडी जास्त शोभेल.

म्हणजे विभूते सरांचा शब्द माझ्याही तोंडात आहेच.

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रकल्पासाठी मुलांनी मार्गदर्शक निवडले. बहुतेक सगळे तिच्याकडे. बिरू माझ्याकडे आला. मी खूश झाले. विषय विचारला, माझ्याकडेच का असंही विचारलं. नको होतं विचारायला.

“तिकडं फुल्ल झालंय मॅडम.”

मग जीभ चावून म्हणाला, “तसं न्हाय. तुमी बी चांगलंच शिकवता की.”

विषय मात्र छान आहे त्याचा. मेंढपाळांच्या घरातली शिकलेली मुलं बातमीत कधी येतात. मी दोन पुस्तकं काढून दिली. इंग्रजी बघून तोंड पाडलं, तरी नेली.

८ फेब्रुवारी, रविवार

दुपारी त. घरी आली. न कळवता, स्कूटीवरून, उन्हातून. घटनेची टिपणं न्यायला आली असेल म्हणून मी आधीच ओशाळले. विषय वेगळाच निघाला.

आई सोप्यावर बसली होती. तिच्या डोळ्यात थेंब घालायची वेळ, मी कुकरपाशी. त. ने हात धुतले, बाटली घेतली, आईची हनुवटी धरून थेंब घातले. “वर बघा काकू. हां. मिटा आता.” आईने मिटूनच विचारलं, कुनाची गं तू? “बागवानांची.” “भाजी इकता का?” “आजोबा विकायचे. आता मी पोरं सांभाळते, दुसऱ्यांची.” आई हसली. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही पुढे ठेवायला लावलं. तिने पोटभर खाल्लं.

मग अंगणात आल्यावर म्हणाली, “मॅडम, मला तो पेपर नकोय.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

विभूते सरांनी तिलाही सांगितलं होतं. तिथे ती हो म्हणाली. म्हणे, तासिकावाल्याला दर जूनला नव्याने घेतात, नाही कशी म्हणणार. पुढचं सगळं तिने हळूहळू सांगितलं, पायाने फरशीवरचं पान सरकवत. वर्तमानपत्रात तिला टॉवेल-चादरीचा बाजार करायचा होता. अब्बा टॉवेलच्या कारखान्यात होते, सुताच्या भावावरच लहानाची मोठी झाली. “पण रमजान आला की संपादक मला शोधत यायचे. ईदची पुरवणी, तबस्सुम. उरूस, तबस्सुम. कुठं दगड पडला, तुमच्या लोकांचं काय म्हणणं आहे, तबस्सुम. बाजाराच्या पानावर एक पोरगा बसवला होता. त्याला ताणा-बाणा कळत नव्हता. त्याची बातमी मी दुरुस्त करायची, नाव त्याचं.” तीन पेपर बदलले, तिन्हीकडे तेच. “म्हटलं, कॉलेजात तरी सुटेन. इथं आले तर पहिल्याच वर्षी हा पेपर हातात. आता म्हणतात पूर्ण घ्या. मॅडम, आपण याच पेपरात शिकवतो ना, की माणसाला एकाच पानावर बसवू नये?”

आणि ती हसली. मला हसता आलं नाही.

मग विचारलं, तुला काय हवंय.

“तुमचा वार्तांकनाचा पेपर.” लगेच म्हणाली, “तुमचा आहे, म्हणून आधी तुम्हालाच विचारते. मी बोलले तर म्हणतील, हिला दिलेलं चालत नाही. तुम्ही बैठकीत बोललात तर...”

वाक्य तिथेच सोडलं. स्कूटीला किक मारताना म्हणाली, राहू द्या मॅडम, नाही जमलं तर काही नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

परवा ती गेल्यावर आधी काय वाटलं? सुटका. माझा पेपर परत मिळणार. तो आनंद चहा उकळेपर्यंत टिकला.

मग दुसरं. वार्तांकन. शेवटच्या वर्षाचा, प्रत्यक्ष कामाचा पेपर. बाहेर कुठेही जुनी मुलं भेटली की याच पेपरची आठवण काढतात. मॅडम, तुम्ही पहिली बातमी सात वेळा लिहून घेतली होती. तो दिला तर दोनच वर्षांत मुलं म्हणतील, बागवान मॅडमनी शिकवलं. आणि खरंच चांगलं शिकवेल ती. ते तर जास्तच कठीण.

नाही बोलले तर? मी काही वाईट करत नाही. सर ठरवतात, मुलं मागतात. माझ्याकडे वार्तांकन राहतं, वर मोठ्या मनाची म्हणवून घेते. एकही खोटं बोलावं लागत नाही.

बोलले तर लोक म्हणतील, बघा, आपला जुना पेपर परत ओढून घेतला, वर तत्त्वाची भाषा. आणि ते अगदीच खोटं नसेल. तिला नको असलेली गोष्ट मला हवीच आहे. मग मी तिच्यासाठी बोलते की माझ्यासाठी, हे कसं ओळखायचं.

आईला थेंब घालताना हात हलला, गालावर सांडले. म्हणाली, “तिचा हात थीर व्हता.” मी गाल पुसला. मग पुन्हा तीच, “गुनाची हाय पोरगी. तुजं काय बिनसलंय तिच्यासंगं? ल्हानपनी बी तुला भावाच्या ताटातलंच पायजे असायचं. सोताच्या ताटात तेच असलं तरी.”

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

एका बाजूचं ठरत आलं होतं. बोलायचं. आणि आज सानिया.

तासानंतर प्रकल्पाच्या कामासाठी थांबली, त. नव्हती म्हणून माझ्याकडे आली. सहज म्हणून विचारलं, हा पेपर ऐच्छिक आहे, तू का घेतलास.

“बागवान मॅडम होत्या म्हणून. नाहीतर जाहिरातीचा घेणार होते.” मग थोडं थांबून, “पहिलीपासून इथपर्यंत शिकवायला आपल्यातलं कुणीच नव्हतं, मॅडम. उर्दू शाळेत गेले असते तर असतं. पण मी मराठीत शिकले. पुढच्या वर्षी माझी बहीण येणारे. तिला सांगितलंय, हाच घे.”

मी मान हलवली. काय सांगणार. तुझ्या बाईंना तो पेपर नकोय? ते माझं सांगायचं नव्हे. आणि सानियाची अपेक्षा चुकीची कशी म्हणू? ज्या गोष्टीत तबस्सुम अडकली आहे, त्याच गोष्टीने ही मुलगी पहिल्यांदा मोकळी झाली आहे. हे कुठल्याही टिपणात बसत नाही.

वाईट भाग लिहून टाकते. ‘आपल्यातलं’ म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं नाही, आणि मला ते टोचलं. चाळिशी ओलांडलेली बाई मी. एका मुलीच्या ‘आपल्यातलं’मध्ये जागा मागते आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

घटनेची टिपणं त. ला दिली. सगळी, समासातल्या खुणांसकट. सानिया जे म्हणाली तेही सांगितलं, बहिणीचं धरून. ती बराच वेळ टिपणांची पानं सारखी करत बसली.

“तिला समोर मी हवीये ना? मग मी वार्तांकनाला समोर असेनच की. तिथं उभी असलेली बघू दे. सुताचा भाव सांगताना बघू दे.”

मला हे सुचलं नव्हतं. पुन्हा तिलाच सुचलं. क्षणभर तेच जुनं आत वळवळलं, पण या वेळी त्याच्या शेजारी दुसरंही काहीतरी होतं. त्याला कौतुक म्हणावं का ठरवता आलं नाही.

म्हणाले, सोमवारच्या बैठकीत मी बोलते.

“नक्की?”

हो म्हणाले. तिने विचारलं याचाही थोडा राग आला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

बैठक झाली. जसं घडलं तसं लिहिते.

चहा आला. तिचा रोजा. कप तिच्यापुढे ठेवून शिपाई ओशाळला, तिने कप हळूच माझ्याकडे सरकवला. विभूते सरांनी सुरुवातच केली. “बागवान मॅडम, या महिन्यात कॉलेजच्या अंकासाठी तुमच्याकडून रमजानवर एक लेख आलाच पाहिजे.” ती म्हणाली, हो सर. टेबलाखाली तिचा पाय हलत होता.

मग वाटणी. सरांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, मांडा. मी म्हणाले, वार्तांकनाचा पेपर पुढच्या वर्षीपासून बागवान मॅडमना द्यावा. मी फक्त दोन वर्षं बातमीदारी केली आहे, त्यांनी दहा. बाजार, अर्थकारण हा त्यांचा विषय आहे. मुलांना त्याचा फायदा होईल. आवाज कापला नाही. आधी आरशासमोर म्हणून बघितलं होतं, तेही लिहायला हवं.

सर गोंधळले. “म्हणजे तुमचा पेपर त्यांना?” हो म्हणाले. कुणीतरी म्हणालं, माने मॅडमचं मन मोठं आहे. माझे कान गरम झाले. इथपर्यंत ठरल्याप्रमाणे. दुसऱ्या पेपरबद्दल मी मुद्दामच काही बोलले नाही. आपल्यासाठी मागायचं नाही, असं ठरवून गेले होते. त्यात मला स्वच्छ वाटत होतं.

सर कागदावर लिहिता लिहिता थांबले. “ठीक आहे. पण मग अल्पसंख्याकचं काय? तो कोण घेणार?”

 सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं.

मी पण.

मी घेते, एवढे दोन शब्द बोलायचे होते. स्वच्छ राहण्याच्या नादात ते गिळले आणि मान आपोआप तिकडे गेली. की आपोआप नव्हे. ती काय म्हणते, दोन्ही घेते का, ते बघायला गेली. आत्ता रात्री जेवण झाल्यावर लिहिताना दोन्ही खरं वाटतंय.

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. सानिया पहिल्या तासाला बाकावरून जशी बघत होती तशी.

“दोन्ही घेतले तरी चालेल ना, मॅडम?” सर तिला म्हणाले. तिने उत्तर द्यायच्या आत त्यांचा फोन वाजला. बघून म्हणाले, यावर आठवड्याने बसू. बाहेर जिन्यात तिला गाठलं. म्हणाले, तबस्सुम, मी... ती म्हणाली, “असू द्या मॅडम. इफ्तारला उशीर होतोय.” उन्हं अजून उतरायची होती.

आठवडा आहे. मधल्या गुरुवारी पेपरचा माझा तास. अर्धं सत्र संपलं, म्हणून मुलांनीच सुचवलंय की फळ्याचा फोटो एकदा लावू या, कुठवर आलो ते बघू. फोटो मोबाइलवर काढून पाहिला. वर नोट्स, सोपा पेपर. खाली ढोल, माग, आणि शेवटची ओळ, ‘वळून बघू नये’, घाईत लिहिलेली, थोडी तिरकी. अक्षर माझंच.

गुरुवारी सानिया विचारेल, मॅडम, हे झालं का?